दारू नाही, तरी पॅनक्रियाटायटिस? डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या कामाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. डीएमएलटी करून इचलकरंजीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं आणि मशीन चालवायचं काम करते. धाकट्या भावाला सतराव्या वर्षी क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला वारंवार सूज येण्याचा आजार, निघाला तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले, भावाच्या ओपीडीत भेटलेले लोक तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी तेच तेच व्हॉइस मेसेज पाठवते. कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढलं. औषधाचा डोस मला विचारू नका, तो तुमचे डॉक्टर सांगतील.

पॅनक्रियाज म्हणजे नक्की काय?

शाळेत स्वादुपिंड म्हणून शिकलो तेच. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं, साधारण वीतभर लांबीचं. दोन कामं करतं. एक, इन्सुलिन बनवून रक्तात सोडतं. दुसरं, पाचकरस बनवून लहान आतड्यात सोडतं, दिवसाला दीड लिटरच्या आसपास. दुसऱ्या कामाची आपल्याला आठवणही नसते, कारण शुगर सगळे मोजतात, पाचकरस कोण मोजतंय. मागे असल्यामुळेच ते दुखतं तेव्हा पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत कळ जाते आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो. भाऊ कॉटवर उशी पोटाशी धरून असाच बसायचा आणि आम्ही तीन वर्षं त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या देत होतो.

मग पॅनक्रियाटायटिसमध्ये आत होतं काय?

साध्या भाषेत, अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. हे पहिल्यांदा प्रागमधल्या हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडलं. मटण असो नाहीतर मटकी, प्रोटीन तोडायचं मुख्य काम ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमचं. आता पॅनक्रियाज हे स्वतःच प्रोटीनचं बनलेलं, मग ते धारदार हत्यार घरात कसं ठेवणार? म्हणून ते म्यानात ठेवतं, त्या म्यानातल्या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. रस लहान आतड्यात पोचला की तिथलं एंटरोकायनेज नावाचं दुसरं एन्झाइम म्यान काढतं आणि मग कापाकापी सुरू होते. हेच म्यान आतड्यात न निघता पॅनक्रियाजच्या आतच निघालं की घात. सूज येते, पेशी मरतात, आणि हे वारंवार झालं की आत व्रण धरून नळीत खडे होतात, त्याला क्रॉनिक म्हणायचं.

गॉल ब्लॅडरचा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारू खूप झाली की असं होतं हे आधीपासून माहीत होतं. पण ज्याला खडा नाही, दारू नाही, त्याचं काय? अशांच्या फाइलवर 'इडियोपॅथिक' लिहितात, म्हणजे कारण आम्हाला कळलं नाही हे जरा भारदस्त शब्दात.

हे व्हिटकॉम्ब कोण?

डेव्हिड व्हिटकॉम्ब, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट. पिट्सबर्ग म्हटलं की आपल्याकडच्या अमेरिकावाल्यांना तिथलं बालाजी मंदिर आठवतं, वैद्यकीय इतिहास वाचणाऱ्यांना साल्क यांची पोलिओ लस आठवते, आणि पॅनक्रियाजचा पेशंट घरात असलेल्यांना व्हिटकॉम्ब. त्यांनी तिथे पोटविकार विभागाचं प्रमुखपद कितीतरी वर्षं सांभाळलं, पण मी त्यांच्याबद्दल लिहितेय ते १९९६ च्या एका शोधासाठी आणि त्यानंतर त्यांनी जो एकच प्रश्न लावून धरला त्यासाठी. तो प्रश्न असा की एवढे लोक पितात, एवढ्यांना पित्ताचे खडे होतात, मग पॅनक्रियाज ह्याचंच का बिघडलं आणि त्याचं का नाही.

१९९६ मध्ये त्यांनी नेमकं काय शोधलं?

हे जरा सावकाश सांगते, कारण सगळी मजा इथेच आहे.

काही घराण्यांत पॅनक्रियाटायटिस पिढ्यानपिढ्या येतो ही नोंद १९५२ मध्येच मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग ह्या दोघांनी केली होती. आजोबांना, मग मुलीला, मग नातवाला, आणि बऱ्याचदा शाळकरी वयातच, म्हणजे दारूचा संबंधच नाही. पण शरीरातला नेमका कुठला जीन, हे चाळीस वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिटकॉम्बांच्या टीमला असंच एक मोठं घराणं मिळालं, मूळ केंटकीच्या डोंगराळ भागाकडचं. त्या लोकांची वंशावळ मांडायची, आजारी आणि निरोगी दोघांचं रक्त घ्यायचं, आणि आजाऱ्यांमध्ये डीएनएचा कुठला तुकडा सगळ्यांत सारखा आहे ते शोधत जायचं. हुडकत हुडकत ते सातव्या क्रोमोसोमच्या एका टोकाकडच्या भागात पोचले. त्याच सुमाराला फ्रान्समधल्या एका टीमनेही तोच भाग सांगितला होता.

तर त्या भागात आहे काय? रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जीन्सची मोठी वस्ती, आणि त्या वस्तीच्या मधोमध, भाडेकरू राहावेत तसे, ट्रिप्सिनोजेनचे जीन्स! म्हणजे कियारींनी शंभर वर्षांपूर्वी ज्याच्यावर बोट ठेवलं होतं त्याचाच पत्ता निघाला. मग त्यांनी तो जीन, त्याचं नाव पीआरएसएस१, अक्षर न अक्षर वाचून काढला आणि आजारी लोकांत एकच अक्षर बदललेलं सापडलं. तोच बदल पाच वेगवेगळ्या घराण्यांत निघाला. ऑक्टोबर १९९६ मध्ये हे 'नेचर जेनेटिक्स'मध्ये छापून आलं.

एक अक्षर बदलून एवढं काय होतं?

हे मी आईला समजावलं तसंच सांगते. आई ब्लाउज शिवते, तिला मशीन चालू असतानाच सांगत होते. म्हटलं आई, तू आधी कच्चा टाका घालतेस ना, म्हणजे फिटिंग चुकलं तर एक दोरा ओढला की सगळं उसवतं. ट्रिप्सिनच्या साखळीतसुद्धा असा एक कच्चा टाका असतो, १२२ नंबरच्या जागेवर. तिथे आर्जिनिन नावाचं ॲमिनो ॲसिड असतं, आणि ट्रिप्सिन कापतं ते नेमकं आर्जिनिन नाहीतर लायसिन दिसलं की त्याच्या पुढेच. म्हणजे चुकून पॅनक्रियाजच्या आत एखादं ट्रिप्सिन जागं झालं, तर शेजारचं ट्रिप्सिन त्याचा हा टाका उसवून त्याला निकामी करू शकतं. निसर्गाने हत्यारातच ते मोडायची सोय ठेवलीय.

ह्या घराण्यांत काय झालं, तर १२२ वर आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलं. ट्रिप्सिनला हिस्टिडिन ओळखूच येत नाही, त्यामुळे टाका उसवत नाही. आई म्हणाली, म्हणजे पक्की शिलाई पडली. अगदी तेच. आता जे जागं होईल ते जागंच राहणार आणि आजूबाजूचं कापत सुटणार.

जुने पेपर वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, तिथे हीच जागा ११७ म्हणून येते, मोजायची पद्धत वेगळी होती, गोंधळू नका. आणि तपशील नंतर थोडा सुधारला. बॉस्टनमध्ये मिक्लोश शाहिन-तोट यांनी दाखवलं की पहिला काप कायमोट्रिप्सिन सी नावाचं दुसरंच एन्झाइम वेगळ्या ठिकाणी मारतं आणि मग १२२ वाला टाका निघतो. पण मूळ गोष्ट तीच, उसवायची सोय गेली की आजार.

मग माझ्या मुलालाही हाच जीन असणार का?

बहुतेक नाही. पीआरएसएस१ चा हा बदल असला तर तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि ज्यांच्यात तो आहे त्यातल्या साधारण ८० टक्के लोकांना कधी ना कधी त्रास होतो. म्हणजे घरात दोन-तीन पिढ्यांत पेशंट दिसायला हवेत. आपल्याकडे असं चित्र क्वचित दिसतं. भारतातल्या पेशंटांमध्ये पीआरएसएस१ शोधून पाहिला तर फारसा सापडत नाही, सापडतो तो दुसराच.

दुसरा म्हणजे स्पिंक१ का? रिपोर्टमध्ये ते लिहिलंय

हो, तोच. स्पिंक१ हे ट्रिप्सिनचं पहारेकरी प्रोटीन. म्यानातून चुकून निघालेल्या ट्रिप्सिनला जाऊन मिठी मारतं आणि कापू देत नाही. पण पहारेकरी थोडेच असतात, एकदम गर्दी झाली तर पुरे पडत नाहीत. २००० मध्ये जर्मनीतल्या विट यांच्या टीमने क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस झालेल्या मुलांमध्ये ह्या जीनमधला बदल दाखवला, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा तो एन३४एस. आणि २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेतल्या गिरिराज चांडक यांच्या गटाने आणि लखनौच्या एसजीपीजीआय ह्या हॉस्पिटलातल्या गटाने आपल्याकडच्या ट्रॉपिकल पॅनक्रियाटायटिसच्या पेशंटांमध्ये तो बघितला तर ४० टक्क्यांहून जास्त जणांत निघाला!

पण थांबा, लगेच रडारड नको. हाच एन३४एस धडधाकट लोकांतही शंभरात एक-दोघांकडे असतो आणि त्यातल्या बहुतेकांचं आयुष्यात कधी पोटसुद्धा दुखत नाही. व्हिटकॉम्बांच्या गटाने त्याच वर्षी, २००० मध्ये, म्हटलं होतं की स्पिंक१ हा एकटा आजार करत नाही, दुसरं काही असेल तर त्याला जोर देतो. भावाच्या रिपोर्टमध्ये एन३४एसची एक कॉपी आहे. बाकी काय काय जुळून आलं ते सांगता येत नाही. आमच्या काकांना हे कळल्यावर त्यांनी आईलाच विचारलं, तुमच्याकडचं की आमच्याकडचं? आईने मशीनचा पाय थांबवला नाही, नुसतं बघितलं.

आपल्याकडचा हा 'ट्रॉपिकल' पॅनक्रियाटायटिस काय प्रकार आहे?

१९५९ मध्ये इंडोनेशियात काम करणाऱ्या झुइडेमा यांनी गरीब, कुपोषित तरुणांत पॅनक्रियाजमध्ये खडे आणि डायबेटिस असं एकत्र पाहिलं. त्यानंतर केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी शेकडो पेशंट तपासले, त्यांचं १९६८ चं पुस्तक छापलं आपल्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनने. लहानपणी पोटदुखी, वयात येताना डायबेटिस, आणि ऐन तारुण्यात मरण, असं त्यांचं ह्या आजाराचं वर्णन फार प्रसिद्ध आहे. वाचून पोटात गोळा येतो, पण ते तेव्हाचं. २००८ मध्ये देशभरातल्या १,०८६ पेशंटांचा अभ्यास आला त्यात हे जुनं पुस्तकी चित्र ४ टक्क्यांहूनही कमी लोकांत दिसलं. साधारण ६० टक्के लोक इडियोपॅथिक निघाले, आणि दारूवाले ३९ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मी पाठच करून ठेवलाय, लग्नाकार्यात उपयोगी पडतो.

साबुदाणा बंद करायचा का?

हा प्रश्न मला आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आधी हमखास येतो. केरळात टॅपिओका म्हणजे कसावा खूप खातात, कसाव्यात सायनाइड तयार करणारे पदार्थ असतात, म्हणून पॅनक्रियाज बिघडत असेल असं बराच काळ मानलं जायचं, आणि आपला साबुदाणा त्याच कंदाचा. पण ते टिकलं नाही. आफ्रिकेत कितीतरी भागांत कसावा रोजचं जेवण आहे तिथे हा आजार तसा दिसत नाही, आणि जिथे कसावा खात नाहीत तिथे तो दिसतो. उंदरांना महिनोन्महिने कसावा घालूनही पॅनक्रियाटायटिस झाला नाही. तेव्हा दोष साबुदाण्याचा नाही. आता खिचडीत तुम्ही अर्धी वाटी तूप आणि दाण्याचं कूट ओतलं आणि वर वडे तळले तर पोट दुखणारच, त्याला साबुदाणा काय करणार.

दारूमुळेच होतो असं डॉक्टर म्हणतात ना?

दारूमुळे होतो, यात वाद नाही. पण दारूमुळेच नाही. व्हिटकॉम्बांनी २००० पासून अमेरिकेतल्या वीसेक सेंटरांना बरोबर घेऊन एक मोठा अभ्यास चालवला, नॅप्स-२ म्हणतात त्याला. त्यात क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसच्या पेशंटांत डॉक्टरांनी स्वतः दारू हे कारण मानलं ते निम्म्याहून कमी लोकांत. अमेरिकेत! तोवर सगळी पुस्तकं ७०-८० टक्के म्हणत होती. धोका खरा वाढतो तो रोज पाच किंवा जास्त पेग घेणाऱ्यांत, आणि इतकं पिणाऱ्यांतसुद्धा शंभरात पाचापेक्षा कमी जणांना हा आजार होतो.

मग त्या पाचांतच का? २०१२ मध्ये त्यांच्याच गटाला क्लॉडिन-२ नावाच्या जीनजवळ एक बदल सापडला जो दारू पिणाऱ्यांत धोका वाढवतो, आणि हा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे. पुरुषांकडे एक्स एकच, बायकांकडे दोन, त्यामुळे बायकांकडे दुसरी चांगली कॉपी सावरून घेते. दारूच्या पॅनक्रियाटायटिसमध्ये पुरुष एवढे जास्त का, याचं थोडं उत्तर इथे मिळतं, सगळं नाही.

माझा राग दारूच्या प्रश्नावर नाही, तो विचारायलाच हवा. माझा राग विचारायच्या पद्धतीवर आहे. भावाला ॲडमिट केलं तेव्हा एका हॉस्पिटलात मोठ्या वॉर्डात, बाबांच्या समोर, मोठ्या आवाजात, "किती वर्षं पितोयस?" तो सतरा वर्षांचा, बारावीचं सबमिशन राहिलं म्हणून रडत होता. त्याने नाही म्हटल्यावर बाबांकडे बघून "मुलं घरी सांगत नाहीत" हे पण झालं. बाबांनी दोन महिने त्याचं कपाट तपासलं. कागदावर फक्त एक ओळ होती, पण ती घरात दोन महिने राहिली.

सिगारेटचं काय?

हे नीट वाचा. सिगारेट दारूशिवायही धोका वाढवते, आणि दारूबरोबर असली तर आणखीच. पीआरएसएस१ वाल्या घराण्यांत तर सिगारेट ओढणाऱ्यांना पॅनक्रियाजचा कॅन्सर न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण २० वर्षं आधी झालेला दिसला. पेशंटने सोडायची एकच गोष्ट निवडा असं कुणी म्हटलं तर मी आधी ही म्हणेन, तूप नंतर बघू.

लायपेज नॉर्मल आलं, म्हणजे दुखतंय ते नाटक आहे का?

नाही नाही नाही. हा प्रश्न माझ्या काउंटरवरचा. अचानक अटॅक आला की ॲमायलेज आणि लायपेज ही पॅनक्रियाजची एन्झाइमं रक्तात वाढतात, तिप्पट किंवा जास्त झालं की डॉक्टर त्याला महत्त्व देतात. ॲमायलेज तीन-चार दिवसांत खाली येतं, लायपेज जास्त दिवस टिकतं, म्हणून उशिरा आलात तर लायपेज बघायचं. पण क्रॉनिकमध्ये पेशीच एवढ्या गेलेल्या असतात की सोडायला एन्झाइमच उरत नाही. दुखणं खरं, रिपोर्ट नॉर्मल, असं सर्रास होतं.

एक बघितलेलं सांगते. मागे एक सॅम्पल आलं, सेंट्रिफ्यूजमधून काढलं तर वरचं सीरम पिवळसर पारदर्शक दिसायच्या ऐवजी चक्क दुधासारखं पांढरं, ट्यूबच्या पलीकडचं बोट दिसेना. ट्रायग्लिसराइड हजाराच्या कितीतरी वर. एवढं ट्रायग्लिसराइड हेसुद्धा पॅनक्रियाटायटिसचं एक कारण आहे, आणि गंमत म्हणजे अशा दुधाळ सॅम्पलमध्ये ॲमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. मी तसाच फोन लावला. म्हणून सांगते, कारण शोधताना लिपिड आणि कॅल्शियम विसरू नका, सरळ जीनवर उडी मारू नका.

जेनेटिक टेस्ट करून घेऊ का?

लहान वयात आजार, घरात आणखी कुणाला, किंवा सगळं तपासूनही कारण सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर सुचवतात. रक्तावर नाहीतर लाळेवर होते. सहसा पीआरएसएस१, स्पिंक१, सीएफटीआर (हा सिस्टिक फायब्रोसिसचा जीन, त्याचा संबंध १९९८ मध्ये लागला) आणि सीटीआरसी, म्हणजे वर सांगितलेल्या कायमोट्रिप्सिन सीचा जीन, एवढे बघतात. पण करायच्या आधी घरात बसून ठरवा की रिपोर्ट आल्यावर कुणाला सांगायचा. बहिणीचं लग्न ठरायचंय, ह्या वाक्याने आमच्याकडे रिपोर्ट आठ महिने लांबला. ती बहीण मीच. शेवटी मीच फॉर्म भरला.

कॅप्सूल डुकराच्या असतात का? आजोबा माळकरी आहेत

हो, असतात. पाचकरस कमी पडतो त्यांना एन्झाइम बाहेरून द्यायच्या ह्या कॅप्सूल, आणि त्यातलं पॅनक्रियाटिन डुकराच्या पॅनक्रियाजमधूनच काढतात. बुरशीपासून बनवलेली पाचक एन्झाइमं दुकानात मिळतात, पण ज्यांचं पॅनक्रियाज खरंच काम करत नाही त्यांना ती पुरी पडत नाहीत. कुणाच्या श्रद्धेत मी पडणार नाही, फक्त माहिती लपवून देऊ नका एवढंच, कधीतरी डबीवरचं वाचून कळतंच. आमच्या शेजारचे एक माळकरी आजोबा सगळं ऐकून म्हणाले, पांडुरंगाला सांगतो औषध म्हणून घेतोय, आणि घेतात.

घ्यायची पद्धत महत्त्वाची. जेवणाच्या आधी अर्धा तास नाही, जेवणानंतर नाही, जेवताना, पहिल्या घासाबरोबर आणि बाकी मध्ये. अन्न आणि एन्झाइम एकाच वेळी आतड्यात पोचायला हवं. आतले दाणे चावायचे नाहीत, गरम भातात तर अजिबात मिसळायचे नाहीत. गरज आहे की नाही हे शौचाच्या तपासणीतल्या इलास्टेज ह्या पॅनक्रियाजच्याच एन्झाइमवरून कळतं, २०० च्या खाली कमी, १०० च्या खाली फारच कमी, आणि ह्या टेस्टसाठी कॅप्सूल बंद करावी लागत नाही. मात्र सॅम्पल पातळ पाण्यासारखं असेल तर आकडा खोटा कमी येतो. तशी लक्षणं घरातही कळतात, संडासात तेलाचा तवंग आणि पाणी टाकून न जाणं. लाजू नका, सांगा.

शुगर पण होते का?

बऱ्याच जणांना होते, कारण इन्सुलिनच्या पेशीही त्याच पॅनक्रियाजमध्ये. ह्याला टाइप ३सी म्हणतात. यात साखर वाढवणारं ग्लुकागॉनसुद्धा कमी पडतं, त्यामुळे इन्सुलिन चालू असताना शुगर एकदम खाली जायची भीती जास्त. खिशात गोळी-बिस्कीट ठेवाच.

कायमचा इलाज आहे का? पॅनक्रियाज काढून टाकतात म्हणे

नळीतले खडे शॉकवेव्हने फोडतात, स्टेंट घालतात, नळी रुंद करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन करतात. नेदरलँड्समध्ये ८८ पेशंटांवर झालेल्या एका ट्रायलमध्ये, २०२० मध्ये त्याचा निकाल आला, नळी तुंबलेल्यांत लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं आधी एंडोस्कोपी केलेल्यांपेक्षा कमी राहिलं. पूर्ण पॅनक्रियाज काढून त्यातल्या इन्सुलिनच्या पेशी वेगळ्या करून त्याच पेशंटच्या लिव्हरमध्ये सोडायचं ऑपरेशनही आहे, १९७७ मध्ये मिनेसोटात सदरलँड यांनी सुरू केलं. जीनवाल्या लहान मुलांत याचा विचार करतात. इन्सुलिनच्या पेशी लिव्हरमध्ये बसून काम करतात हे मला अजूनही जादूच वाटते.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं का?

दिल्लीच्या एम्समध्ये १२७ पेशंटांवर ट्रायल झाली, २००९, दुखणं कमी झालं. मग मँचेस्टरमध्ये केली, २०१२, काहीच फरक नाही. दोन्ही ट्रायली नीट केलेल्या. फरक असा की दिल्लीचे पेशंट तरुण, बहुतेक बिनदारूचे, मँचेस्टरचे मोठ्या वयाचे आणि बहुतेक दारूवाले. व्हिटकॉम्ब जे म्हणतात की एकाच नावाखाली वेगवेगळे आजार आहेत, ते मला ह्या दोन ट्रायलींवरून सगळ्यात नीट पटलं. भाऊ घेतो, डॉक्टरांना विचारून.

कॅन्सर होतो का?

धोका वाढतो, खरं आहे. १९९७ मध्ये पीआरएसएस१ सारख्या घराण्यांत सत्तरीपर्यंत ४० टक्के असा आकडा आला होता, इंटरनेटवर अजून तोच फिरतो. नंतरच्या मोठ्या अभ्यासात तो १० टक्क्यांच्याही खाली आला. स्पिंक१ ची एक कॉपी असलेल्यांनी तो आकडा स्वतःला लावूच नये. वजन उगाच घटायला लागलं, कावीळ दिसली, शुगर अचानक बिघडली तर थांबायचं नाही.

जीन सापडून एवढी वर्षं झाली, मग औषध का नाही?

हा सगळ्यात रास्त प्रश्न. ट्रिप्सिन अडवणारी औषधं आहेत, जपानमध्ये वापरली जातात, पण क्रॉनिक आजार थांबवेल असं त्यातलं एकही नाही. कारण पेशंट येतो तोवर आत व्रण पडून गेलेले असतात. व्हिटकॉम्बांनी १९९९ मध्येच मांडलं होतं की पहिला अटॅक हाच वळणाचा असतो, त्यात सूज आणणाऱ्या पेशी आत ठाण मांडतात आणि पुढचा प्रत्येक छोटा धक्का व्रण वाढवतो. म्हणजे पकडायचं तर पहिल्या अटॅकला. २००१ मध्ये त्यांनी आणि एतेमाद यांनी कारणांची एक यादी केली, टायगर-ओ, त्यात दारू हे अनेकांतलं एक कारण. पेशंटला एक शिक्का न मारता विष, जीन, अडथळा, आधीचे अटॅक असं सगळं मांडून बघायचं. औषध नाही आलं, पण प्रश्न विचारायची यादी तरी बदलली. मला विचाराल तर तेही कमी नाही, पण दुखतंय त्याला तसं सांगून बघा.

तुमचा भाऊ आता कसा आहे?

बरा आहे. डिप्लोमा झाला, नोकरीला लागलाय. वर्षात एक-दोनदा कळ येतेच. जेवायला बसताना खिशातून छोटी डबी काढतो, ऑफिसात कुणीतरी कसल्या गोळ्या म्हणून विचारतंच, तो पॅनक्रियाजच्या म्हणतो, आणि समोरचा हमखास हात तोंडाशी नेऊन अंगठ्याने ग्लासाची खूण करतो. परवा म्हणाला, ताई, आता मी आधी जेवून घेतो, मग समजावतो.